चालीसकट द्यावे : प्रस्तावना

पतसंस्थेची पावती असो, साखर कारखान्याचे ऊसबिल असो की मठाला दिलेल्या देणगीची पोच असो, तिच्यावर ‘अक्षरी रुपये’ अशी एक ओळ असतेच. आकड्यांत लिहिलेली रक्कम खाडाखोड करून बदलता येते, अक्षरांत लिहिलेली सहजी बदलता येत नाही, म्हणून ही ओळ. हाताने पावती फाडणारा कारकून ती बोलता बोलता भरतो. तेच काम संगणकाकडून करून घ्यायचे ठरवले की मराठीचा स्वभाव समोर उभा राहतो. इंग्रजीत वीसपर्यंतचे शब्द आणि दशकांची नावे दिली की पुढचे आकडे जोडून तयार होतात. मराठीत सत्तेचाळीस, सत्तावन्न, सदुसष्ट आणि सत्त्याहत्तर या चारही शब्दांत सात आहे, पण प्रत्येक ठिकाणी त्याचे रूप निराळे. त्यामुळे नव्व्याण्णवपर्यंतचा एकेक शब्द तक्त्यात भरावा लागतो. हजारांच्या पुढे आपण लाख आणि कोटी मोजतो, तेव्हा आकड्यांचे गटही इंग्रजी पद्धतीने पाडून चालत नाही. शिवाय शंभर हा आकडा एकटा आला तर ‘शंभर’ असतो आणि एकशे एक म्हणताना तोच ‘एकशे’ होतो. ही गोष्ट ध्यानात न घेतलेला प्रोग्राम शंभर रुपयांच्या पावतीवर ‘एकशे रुपये मात्र’ असे छापतो. अकराशे रुपयांना ‘एक हजार शंभर’ लिहायचे की ‘एक हजार एकशे’, हेही कोणीतरी विचार करून ठरवावे लागते.

असा प्रोग्राम फार तर शे-दीडशे ओळींचा होतो. लिहिणारे त्याला हेल्पर म्हणतात, युटिलिटी म्हणतात किंवा नुसतेच कॉमन फंक्शन म्हणतात. ग्राहकाने मागितलेल्या कामाच्या यादीत त्याचे नाव नसते, पण त्याच्यावाचून काम पुरे होत नाही. तारखा जुळवणे, नावांची यादी वर्णानुक्रमे लावणे, देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदलणे, जुन्या फॉन्टमधला मजकूर वाचण्याजोगा करणे, ही सगळी याच जातीची कामे. ती एका गावातली किंवा एका कंपनीतली नाहीत. मराठीत हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरला ती करावी लागतात. तरीही ती जो तो आपापल्या खोलीत बसून नव्याने करतो, आणि नोकरी बदलून पुण्याला गेला की केलेले काम आणि त्यामागची समज दोन्ही त्याच्याबरोबर जातात. या हातच्या कोडची देवघेव कशी करावी, हा या पुस्तकाचा विषय आहे. त्यात एक म्हणणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत धरून ठेवले आहे: कोडची फाइल देणे हा देवघेवीचा निम्मा भाग झाला. तो कोड कशासाठी लिहिला, काय गृहीत धरून लिहिला आणि कुठे वापरू नये, हे सांगितल्याशिवाय दिलेला कोड हे अर्धे दान आहे, आणि कधी कधी ते घेणाऱ्याला महागात पडते.

हे म्हणणे नवे नाही. ते जवळजवळ संगणकाइतकेच जुने आहे. इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात १९४९ साली एडसॅक नावाचा संगणक चालू झाला. वर्गमूळ काढणे, उत्तर छापणे अशी नेहमीची कामे दर वेळी नव्याने लिहावी लागू नयेत म्हणून तिथल्या मंडळींनी त्यांचे छोटे छोटे तुकडे कागदी पट्ट्यांवर छिद्रे पाडून साठवले आणि ज्याला हवी त्याने पट्टी घेऊन आपल्या प्रोग्रामला जोडावी अशी सोय केली. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल या तिघांनी १९५१ साली प्रोग्रामिंगवर जे पुस्तक काढले, त्यात या तुकड्यांचे तपशीलवार वर्णन होते: काय द्यावे लागते, काय परत मिळते, जागा किती लागते, वेळ किती लागतो. व्हीलर यांनी १९५२ सालच्या एका लहानशा निबंधात पुढची गोष्टही नोंदवली. संग्रहात ठेवण्याजोगा तुकडा तयार करायला साध्या तुकड्यापेक्षा पुष्कळ जास्त कष्ट पडतात. आणि तो लिहून, तपासून झाल्यावरही, आतली रचना ज्याला ठाऊक नाही अशा माणसाला तो वापरता येईल असे वर्णन लिहायचे काम उरते, तेच कदाचित सगळ्यांत अवघड असते. ज्या माणसाने हा मार्ग घालून दिला, त्यानेच पहिल्या काही वर्षांत ओळखले होते की खरी मेहनत कोडच्या पुढे सुरू होते. पुढे १९६८ साली जर्मनीतल्या गार्मिश इथे भरलेल्या परिषदेत डग्लस मॅकिलरॉय यांनी सॉफ्टवेअरचे तयार सुटे भाग मिळायला हवेत अशी मागणी केली. आज सुटे भाग लाखोंनी मिळतात. वर्णनाची बाजू मात्र अजून त्या मानाने दुबळीच आहे.

वर्णनावाचून कोड पुढे गेला तर काय होते, याचा सर्वांत मोठा दाखला ४ जून १९९६ या दिवसाचा आहे. त्या दिवशी एरियान ५ हे युरोपचे नवे रॉकेट फ्रेंच गियानातल्या कुरू इथून पहिल्यांदा उडाले आणि चाळीसेक सेकंदांत आकाशात नष्ट झाले. दिशा आणि स्थिती सांगणाऱ्या यंत्रणेचे सॉफ्टवेअर आधीच्या एरियान ४ मधून जसेच्या तसे घेतले होते. त्यात एक मोठा आकडा १६ बिटांच्या लहान जागेत बसवला जात होता. त्या जागेत ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. जुन्या रॉकेटच्या मार्गात ती संख्या तेवढी वाढतच नसे, म्हणून तिथे तपासणी ठेवली नव्हती. नवे रॉकेट जास्त वेगाने आडवे सरकले, संख्या जागेत मावली नाही आणि यंत्रणा बंद पडली. चौकशी समितीच्या अहवालातली एक नोंद प्रत्येक प्रोग्रामरने मनात ठेवावी अशी आहे: तपासणी का ठेवली नाही याचे कारण प्रत्यक्ष कोडमध्ये कुठेही लिहिलेले सापडले नाही. इथे कोडची देवघेव झाली होती, आणि जिथून तो आणला तिथे तो वर्षानुवर्षे बिनचूक चाललाही होता. गृहीतक तेवढे मागे राहिले.

रॉकेट आपल्यापासून दूरचे वाटेल, म्हणून पंढरपुरात रोज लिहिला जाणारा एक शब्द पाहू: ‘वारकऱ्यांना’. त्यातला अर्धा ‘र’, ज्याला आपण डोळ्यावरच्या पापणीसारखा लिहितो, तो संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. एका प्रकारात खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि हलन्त वापरतात. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण एका पद्धतीने साठवलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने टाइप करून शोधला तर ‘सापडले नाही’ असे उत्तर येते. युनिकोडच्या ठरलेल्या एकरूपीकरणातही हे दोन प्रकार एक होत नाहीत, म्हणून मराठीसाठी वेगळा हेल्पर लिहावा लागतो. आता एखाद्याला वाटेल की सरळ सगळे रफारही पापणीच्या ‘र’मध्ये बदलून टाकू, म्हणजे ज्यांनी चुकून रफार टाइप केला तेही शोधात येतील. इथे भाषा आड येते. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. दोन्ही शब्द शुद्ध आहेत, आणि वारीच्या दिवसांत एकाच मठाच्या नोंदवहीत दोन्ही येऊ शकतात. हा हेल्पर रफाराला हात का लावत नाही, हे त्याच्या डोक्यावर दोन ओळींत लिहिलेले नसेल, तर पुढचा उत्साही माणूस ती ‘उणीव’ दुरुस्त करायला जाईल आणि गुरूंचे स्वयंपाकी करून ठेवेल.

यादी लावण्याचेही तसेच आहे. युनिकोडमध्ये ‘ळ’ची जागा ‘ल’च्या लगेच पुढे, ‘व’च्या आधी आहे. मराठी वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’च्या नंतर. त्यामुळे संगणकाला नुसते क्रम लाव म्हटले की तो काळे, कावळे, कासार अशी आडनावे मांडतो. मराठी वाचक मात्र काळे हे नाव कासारच्या नंतर शोधतो, आणि छापील यादी दोनशे पानांची असेल तर नाव नाहीच असे समजून परत फिरतो. मराठीचा क्रम सांगणारे नियम तयार आहेत, ते वापरणाऱ्या लायब्रऱ्याही फुकट मिळतात. बहुतेक ठिकाणी उणीव असते ती एवढीच, की असा प्रश्न आहे आणि त्याला असे उत्तर आहे हे शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याला कोणी सांगितलेले नसते.

न सांगण्याची किंमत मराठीने एकदा मोठ्या प्रमाणावर मोजली आहे. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये ठरले होते, आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तरीही पुढची कितीतरी वर्षे मराठी छपाई ज्या फॉन्टांवर चालली, त्या प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी आणि खासगी होती. एका फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे येत. मग प्रत्येक वृत्तपत्राने, प्रकाशकाने, डीटीपी करणाऱ्याने आपापला रूपांतर करणारा प्रोग्राम लिहिला किंवा विकत घेतला. यांतल्या एकेका प्रोग्राममागे कोणत्या चिन्हाचा कोणता तुकडा होतो याचा महिनोन्‌महिने केलेला अभ्यास होता. तो बहुतेक बंद फायलींत राहिला. त्या काळातल्या पुष्कळ मजकुराचा आजही शोध घेता येत नाही. माणसे कष्टाळू होती, हुशार होती. त्यांच्या हुशारीची बेरीज झाली नाही.

बेरीज कशी होते, याचा नमुना मात्र पंढरपुरातच पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. वारकऱ्यांची भजनी मालिका म्हणजे कोणत्या वेळी कोणते अभंग म्हणायचे याचा ठरलेला संग्रह: काकड्याचे वेगळे, हरिपाठाचे वेगळे, वारांचे वेगळे, एकादशीचे वेगळे. त्यामुळे मराठवाड्यातला टाळकरी आणि कोकणातला टाळकरी कधी भेटलेले नसले तरी वाळवंटात शेजारी उभे राहून एकाच जागेपासून गाऊ शकतात. दर दिंडीने आपली निवड नव्याने करायची ठरवली असती तर हे घडले नसते. पण मालिका छापून हातात दिली म्हणून भजन येत नाही. चाल पुस्तकात नसते. कुठे थांबायचे, ध्रुपद केव्हा घ्यायचे, पखवाज केव्हा चढवायचा, हे वीणेकऱ्याच्या मागे उभे राहून शिकावे लागते, आणि शिकवणारा ते हातचे राखून ठेवत नाही. कोड आणि त्याची समज यांचे नाते असेच आहे. शब्द फाइलमधून जातात. चाल सांगावी लागते.

दुसरा दाखला नाथांचा. ज्ञानेश्वरी १२९० सालची. पुढच्या जवळजवळ तीनशे वर्षांत हातांनी नकला होत गेल्या, पाठ बदलत गेले, कोणी कोणी आपल्या ओव्या घुसवल्या. एकनाथ महाराजांनी निरनिराळ्या प्रती मिळवून, ताडून, शके १५०६ म्हणजे १५८४ साली शुद्ध प्रत सिद्ध केली. आपण काय केले आणि केव्हा केले हे त्यांनी शेवटी नोंदवले, आणि पुढच्यांनी यात आपली भर घालू नये असे बजावले. सामायिक गोष्टीला राखणदार लागतो, तिची एक प्रमाण प्रत लागते आणि बदलाची नोंद लागते, हे तिन्ही धडे त्या एका कामात आहेत. अर्थात इथे उपमेची मर्यादा येते. ग्रंथ अढळ राहावा हे योग्य. हेल्पर कोड मात्र बदलत राहिला पाहिजे, कारण त्याच्याभोवतीचे जग बदलते. २००९ साली राज्य शासनाने मराठी वर्णमालेविषयी निर्णय काढून ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना वर्णमालेत जागा दिली, तेव्हा क्रम लावणाऱ्या प्रत्येक जुन्या प्रोग्रामकडे पुन्हा पाहण्याची गरज निर्माण झाली. बदल व्हावा, पण नोंदवून व्हावा, एवढा बोध कायम राहतो.

या विचारावर आक्षेप आहेत आणि त्यांतले काही वजनदार आहेत. पहिला असा, की दुसऱ्याच्या कोडवर विसंबणे धोक्याचे असते. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचे अकरा ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने, दुसऱ्याच एका पॅकेजच्या नावावरून झालेल्या वादात, एनपीएम या भांडारातून काढून घेतले आणि जगभरातले हजारो प्रकल्प काही तास अडले. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीत गंभीर दोष सापडला, तेव्हा कितीतरी संस्थांना ही लायब्ररी आपल्याकडे नेमकी कुठे कुठे वापरली आहे हे शोधण्यातच दिवस घालवावे लागले. आक्षेप खरा आहे. पण दोन्ही घटनांत माणसे अडली ती आपल्या पोटात काय आहे हे ठाऊक नसल्यामुळे. लेफ्ट-पॅड काय करत होते? ओळी सरळ दिसाव्यात म्हणून मजकुराच्या डावीकडे मोजून मोकळ्या जागा भरत होते. ते समजून घेतले असते तर अकरा ओळी उगमाची नोंद करून आपल्याकडे ठेवता आल्या असत्या. आणि समजून घेणाऱ्या मराठी माणसाला आणखी एक गोष्ट दिसली असती: ‘पंढरपूर’ हा शब्द आपल्याला पाच अक्षरांचा, पण अनुस्वार आणि उकार वेगळे मोजणाऱ्या संगणकाला सात चिन्हांचा. ती मोजणी आपल्या पावतीवर रकाने वाकडे करणार. विसंबण्यावरचा उपाय समज हा आहे. एकट्याने सगळे लिहिणे हा उपाय होऊ शकत नाही, कारण एकट्याने लिहिलेल्या कोडमधले दोष शोधायलाही एकटाच असतो.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा: विद्यार्थ्याला तयार कोड दिला तर तो शिकणार कसा? पंढरपूरजवळच्या गोपाळपूरला १९९८ पासून अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे, सोलापूरला २००४ पासून विद्यापीठ आहे. या भागातल्या हजारो मुलांचा हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर सोपे आहे. शिकण्यासाठी अक्षरी रकमेचा प्रोग्राम प्रत्येकाने एकदा स्वतः जरूर लिहावा. मग आपला प्रोग्राम सामायिक प्रोग्रामशी ताडून पाहावा, कुठे फरक पडला ते शोधावे आणि सामायिक प्रोग्रामची चूक सापडली तर ती दुरुस्त करून द्यावी. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प बांधीव प्रत होऊन कपाटात जातो आणि पुढच्या वर्षीचे विद्यार्थी शून्यापासून पुन्हा सुरुवात करतात, त्यापेक्षा यात शिक्षण अधिक आहे.

तिसरा आक्षेप भाषेचा. कोड इंग्रजीत, सूचना इंग्रजीत, मग समज मराठीत कशाला? नावे आणि आज्ञा इंग्रजीतच राहू द्याव्यात, त्यात कोणाचे काही बिघडत नाही. पण ‘असे का केले’ हे माणूस ज्या भाषेत विचार करतो त्याच भाषेत नीट सांगतो. मुंबईच्या आयआयटीने स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमात हाच मार्ग धरला: पडद्यावरचे सॉफ्टवेअर इंग्रजीत, समजावणारा आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत. आणि रफार, पापणीचा ‘र’, ‘शंभर’ व ‘एकशे’ यांतला फरक हे विषय तर मुळातच मराठीतले आहेत.

चौथा आक्षेप मालकीचा. कंपनीच्या पैशाने लिहिलेला कोड बाहेर कसा द्यायचा? परवानगीशिवाय देऊच नये. पण परवानगी मागितली तर ती नाकारण्याचे कारण बहुधा उरत नाही. कंपनीचे ग्राहक, तिचे हिशेबाचे नियम, तिची सेवा ही तिची मिळकत. सत्तेचाळीसचे स्पेलिंग ही कोणाचीच मिळकत नव्हे. देताना लायसन्स स्पष्ट लिहावे, आणि चाचणीसाठी ठेवलेल्या नमुन्यांत खऱ्या खातेदारांची नावे किंवा खाते क्रमांक चुकूनही राहू देऊ नयेत.

शेवटचा आक्षेप सर्वांत ताजा आहे: आता हवा तो हेल्पर कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात लिहून देते, मग देवघेव हवी कशाला? लिहून देते, हे खरे. पण पाच कार्यालयांनी मागितला तर पाच वेगळे प्रोग्राम मिळतील, आणि एकातली चूक दुरुस्त झाली तरी उरलेले चार तसेच राहतील. सामायिक गोष्टीचे मोल ती सर्वांची एकच असण्यात आहे. शिवाय अकराशे रुपयांना काय म्हणायचे, हा प्रश्न विचारायला हवा हे आधी माणसाला माहीत असावे लागते. यंत्र शिकते ते कोणीतरी लिहून ठेवलेल्यावरून. मराठीचे हे बारकावे आपण लिहून ठेवले नाहीत तर ते यंत्राकडूनही परत मिळणार नाहीत.

म्हणून पुढच्या प्रकरणांत प्रत्येक हेल्परबरोबर पाच गोष्टी दिल्या आहेत: तो कोणत्या अडचणीतून जन्मला, काय गृहीत धरतो, कुठे वापरू नये, कोणत्या नमुन्यांवर तपासला आणि कोणत्या प्रश्नाचे उत्तर अजून ठरलेले नाही. कोड छोटा आहे आणि त्याभोवतीचे लिखाण मोठे आहे. ते जाणूनबुजून तसे ठेवले आहे. वाचकाला विनंती एवढीच, की हे पुस्तक मिटल्यावर आपल्या संगणकातले ‘कॉमन’ नावाचे फोल्डर उघडावे, त्यातले एक फंक्शन निवडावे, त्याच्या डोक्यावर या पाच गोष्टी साध्या मराठीत लिहाव्यात आणि ते शेजाऱ्याला द्यावे. ते अक्षरी रकमेचे असेल तर पहिली चाचणी शंभर रुपयांची ठेवावी.